रबरी पायांना खोबरेल

परवा श्रीवर्धनहून आमचे शेजारी मुंबईला आले आणि त्यांनी पिशवीतून मूठभर ओल्या सुपाऱ्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्या. केशरी, टरटरीत, देठाशी अजून हिरवट. “बाग उतरवायला घेतली,” एवढंच म्हणाले आणि चहा पिऊन आपल्या कामाला निघून गेले. मी लिहायला बसलो होतो. एक ओळ होते न होते तोच टेबलाखाली माझे पाय हलायला लागले. आधी उजवा, मग त्याला सोबत म्हणून डावा. टेबलावरचं फुलपात्र तांब्यावर किणकिणायला लागलं. आतून बायको म्हणाली, “गावची सुपारी आली वाटतं?” तिनं सुपारी पाहिली नव्हती. तिनं फक्त फुलपात्र ऐकलं होतं.

सुपारीचा हंगाम म्हणजे आमच्याकडे थंडीचे दिवस. थंडी म्हणजे पहाटे उघड्या अंगावर पंचा ओढून घ्यावासा वाटतो, इतकीच. पण त्या दिवसांत हवेचा पोतच बदलतो. अंगणात, ओटीवर, गच्ची असलीच तर गच्चीवर सुपारीचा केशरी थर पडलेला असतो आणि त्याला ऊन लागलं की आंबूस, तुरट, किंचित दारूसारखा वास सुटतो. तो वास कपड्यांत शिरतो, भातात शिरतो, स्वप्नात शिरतो. पहाटे डोंगराकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तेव्हा सुपारीची झाडं, पोफळी, समुद्राकडे झुकतात. दुपार टळली की समुद्रावरून वारा येतो आणि त्याच पोफळी डोंगराकडे झुकतात. दिवसातून दोनदा वारा आपलं मन बदलतो, मग माणसानं का बदलू नये, असं मी एकदा अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विचारून पाहिलं होतं. अण्णा सुपाऱ्या पसरत होते. मान वर न करता म्हणाले, “वाऱ्याला संध्याकाळी जेवायला लागत नाही.”

मला लागायचं, आणि चांगलं दणकून लागायचं. बी. ए.च्या परीक्षेनं मला दोनदा घरी परत पाठवलं होतं. तिसऱ्यांदा बसण्याइतकी लाज माझ्यात नव्हती आणि फी भरण्याइतका विश्वास अण्णांत उरला नव्हता. त्यांनी ओळखी काढून अलिबागच्या कचेरीत माझ्यासाठी कारकुनाची जागा बघून ठेवली होती. संक्रांत झाली की रुजू व्हायचं. सगळं घर कामात बुडालेलं, गडी पोफळीवर, बायका सुपारी वेचण्यात, आणि मी त्या केशरी थराच्या कडेकडेनं चालत राहायचो. आई म्हणायची, “अरे, बस की जरा! तुझ्याकडे बघून मला घेरी येते.” मी बसायचो. बसलो की पाय हलायला लागायचे. मग मी उठून समुद्रावर जायचो.

समुद्रावर जायला तेव्हा एक कारण होतं. पावसाळ्याच्या तोंडाशी दिघीच्या खाडीत यंत्रं घेऊन निघालेला एक पडाव बुडाला होता. तो वर काढायचं काम मुंबईच्या एका मक्तेदारानं घेतलं होतं आणि त्याचा मुख्य पाणबुड्या परेरा दिघीला येऊन राहिला होता. रुंद छातीचा, वसईकडचा माणूस, आवाज असा की जन्मभर वाऱ्याच्या विरुद्ध बाजूनंच बोलत आला असावा. त्याला हाताखाली एक तरुण माणूस हवा होता. जो पसंत पडेल त्याला काम संपल्यावर मुंबईला नेणार, पाठीवर हवेची टाकी घेऊन बुडायला शिकवणार, कायमचा ठेवून घेणार. मी जाऊन भेटलो. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नजर पायांवर आणून थांबवली.

“पोहता येतं?”

“समुद्रावरच वाढलोय.”

“समुद्रावर नारळपण वाढतात. अष्टमीच्या सुमाराला पाण्याचा जोर कमी असतो, तेव्हा ये. टाकी माझी, नळी माझी, चष्मा माझा. पायात घालायचे रबरी फिन तुझे तू आण. माझ्या मापाचा पाय या गावात कुणाला नसणार.”

म्हणजे एकीकडे अलिबागची खुर्ची आणि दुसरीकडे दिघीच्या खाडीचा तळ. मला कुठं जायचं होतं याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नव्हती. पण फिनची जोडी एकच असती तर मी निमूट उचलली असती. माझ्या दुर्दैवानं त्या दोन निघाल्या.

इब्राहिम माझा लहानपणापासूनचा सोबती. श्रीवर्धनच्याच मोहल्ल्यातला, परदेशी बोटीवर खलाशी. तो त्या थंडीत रजेवर आला होता. त्याच्या ट्रंकेतून नेहमी काहीतरी अजब निघायचं. या वेळी फिनच्या दोन जोड्या निघाल्या.

“सद्या, यातली एक तुझी,” तो म्हणाला. “दुसरी मुरूडच्या मेहुण्याला कबूल केलीय. पण तू आधी निवड. तू दोस्त, तो नुसता मेहुणा.”

पहिली जोडी बंद टाचेची. बुटासारखा पाय आत सरकवायचा की झालं. काळी कुळकुळीत, चकचकीत, पुढचं पातं आखूड आणि मऊ. लग्नात नवरदेवाला घालायला दिली असती तरी शोभली असती. दुसरी उघड्या टाचेची. मागं रबरी पट्टा, त्याला पितळी बकल, पातं लांब, जाड, ताठ, रंग शेवाळासारखा. ती घातली की माणूस एखादं ओझं उचलायला निघालेला दिसायचा. इब्राहिमची आई हलीमाचाची भाकऱ्या थापत होती. तिनं दोन्ही जोड्या पाहिल्या आणि पीठभरला हात कपाळाला लावला.

“ह्ये काय आनलंस रं? बदकाचं पाय? आनि मानसाचं पाय काय वाईट हायेत?”

“अगं, पाण्यात जोरात जायला असतात.”

“जाऊन करनार काय? मासं काय तिथं तुमची वाट बघत बसल्यात?”

गावात मग त्यांना बदकपाय हेच नाव पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. फिन घालून पुढं चालता येत नाही, पात्याचं टोक वाळूत रुततं आणि माणूस तोंडावर आपटतो. हे ज्ञान मला इब्राहिमनं सांगण्याआधी वाळूनं दिलं. म्हणून उलटं चालायचं. पाठ समुद्राकडे, तोंड गावाकडे, एकेक पाय उचलत मागं मागं जायचं. मी पट्टेवाली जोडी घालून पाण्यात गेलो, थोडं पोहून आलो, आणि बाहेर येतानाही उलटाच आलो, कारण एकदा लागलेली सवय. पाण्याकडे बघत मागं मागं येत होतो. इब्राहिम काहीतरी ओरडत होता. मला वाटलं, कौतुक करतोय. मग माझी पाठ एका मऊ आणि ऐसपैस वस्तूवर आदळली आणि त्या वस्तूनं “अहो, अहो!” असं म्हटलं.

वळून पाहिलं तर अलिबागच्या कचेरीतले नाझरसाहेब. ज्यांच्या शब्दावर मला नोकरी मिळणार होती तेच. ते अण्णांबरोबर हवा खायला समुद्रावर आले होते. त्यांची टोपी वाळूत पडली होती आणि माझा लांबलचक शेवाळी पाय तिच्यावर होता.

“हाच का चिरंजीव?” नाझरसाहेबांनी विचारलं.

अण्णांनी माझ्या पायांकडे पाहिलं. “हो,” ते म्हणाले. “एरवी सरळ येतो.”

नाझरसाहेब भला माणूस. टोपी झटकून म्हणाले, “कचेरीत याचा काही अडथळा नाही. तिथं पुढं जायला फारसा वावच नसतो.” आता आठवलं की वाटतं, त्या किनाऱ्यावर माझ्याबद्दल सगळ्यात दयाळू बोलणारा माणूस तोच होता. तेव्हा मात्र मला त्यांचा राग आला होता. त्या वयात दयाळूपणासारखं अपमानास्पद दुसरं काही नसतं.

मग सुरू झाली निवड. आज इतक्या वर्षांनी त्या निवडीचं नाटक आठवतं आणि माझं मलाच हसू येतं. सकाळी मी बंद टाचेवाली जोडी निवडायचो. हलकी होती, घोट्याला काही काचायचं नाही, पाण्यात पाय भरभर हलायचे, आणि दिसायला काय सुरेख! दुपारपर्यंत वाटायचं, छे, या आखूड पात्यात जोर नाही, खाडीच्या पाण्याला ही पुरी पडणार नाहीत. मग पट्टेवाली. तिच्या एका तडाख्यात माणूस होडीच्या लांबीइतका पुढं जायचा, पण थोड्याच वेळात पोटऱ्यांत असे गोळे यायचे की किनाऱ्यावर लोळत मी मोठमोठ्यानं देवाची नावं घ्यायचो. पट्टा घोट्यावर घासून तिथली कातडी निघायची आणि तिच्यावर खारं पाणी लागलं की दुसऱ्या देवांची नावं यायची. संध्याकाळी वारा फिरला की मी पुन्हा बंद टाचेकडे. दिवसातून कितीदा आमच्या घरापासून मोहल्ल्यापर्यंत एक जोडी काखोटीला मारून जायचो आणि दुसरी घेऊन यायचो. हलीमाचाची एकदा म्हणाली, “ह्यो पोरगा बसत का न्हाय? बस रं बाबा. चाय पी. बदकं पन तळ्यात घटकाभर थांबतात.”

एकदा मला फार शास्त्रशुद्ध कल्पना सुचली. दोन्हींची तुलना एकाच वेळी करायची. डाव्या पायात लांब पट्टेवाली, उजव्यात आखूड बंदवाली. कुठल्या पायाला बरं वाटतं ते लगेच कळेल. इब्राहिम होडीत बसून विडी ओढत होता. मी डोकं पाण्यात घालून दणादण पाय मारायला लागलो आणि बराच वेळ मारत राहिलो. मला वाटत होतं मी आता पार खोल समुद्रात पोहोचलो असेन. डोकं वर काढलं तर होडी तिथंच, इब्राहिम तिथंच, आणि तो होडीच्या काठावर पालथा पडून हसत होता.

“थांबलास कशाला?” तो म्हणाला. “अजून चार चकरा मार. गावातलं सगळं दळण आणून टाकतो तुझ्यापुढं.”

मी त्याच्यावर पाणी उडवलं. पण मनातून मला ते गोल फिरणं आवडलं होतं, हे खरं. कुठं पोहोचायचं नव्हतं आणि पाय चालू होते. त्या हंगामात माझं एवढंच म्हणणं होतं, पाय चालू राहावेत. चपलांच्या दुकानात आजही माझं असंच होतं. दुकानदार खोक्यामागून खोकी उघडतो, मी एक पाय इथं घालतो, एक तिथं घालतो, आरशात बघतो, आणि बायको दुकानाच्या पायरीवर जाऊन उभी राहते. ती म्हणते, “तुम्हाला चप्पल नको असते. तुम्हाला निवडायची असते.” बरोबर आहे तिचं. निवडून झालं की दारं मिटतात. मग ज्या एका दारातून जायचं त्याच्यापलीकडे काय असेल, याचा विचार करत मी उंबऱ्यातच घुटमळतो.

शेवटी अष्टमी जवळ आली. इब्राहिमला मेहुण्याची जोडी मुरूडला पाठवायची होती, एक होडी निघाली होती. तो दारात येऊन उभा राहिला. “आज सांग. आत्ता सांग. नायतर दोन्ही पाठवतो आणि तू नारळाच्या झावळ्या बांधून बुड.”

मी बंद टाचेची जोडी निवडली. याला मी त्या वेळी अनेक कारणं दिली, पात्याची लवचिकता, वजन, पायाचा झपाटा. खरं कारण एवढंच की ती चकचकीत होती. दिघीच्या धक्क्यावर लोक बघायला येणार, अण्णाही कदाचित येतील, आणि तेव्हा मला पट्टे आवळत बसलेला दिसायचं नव्हतं. पाय सरकवायचा आणि झाली तयारी, असं दिसायला हवं होतं.

एक अडचण होती. जोडी घट्ट होती. पाय आत जाताना टाच अडायची, बाहेर काढताना पायाबरोबर जीवही निघायचा. आणि आमच्या किनाऱ्यावर कुठल्याही अडचणीवर एकच उपाय असतो. केस गळतात? खोबरेल. दाराची कडी अडते? खोबरेल. रहाट कुरकुरतो, पोराचं पोट दुखतं, जोडा चावतो? खोबरेल. मी अंगणात त्या जोडीशी झटापट करत बसलो होतो तेव्हा अण्णा शेजारून गेले. इतके दिवस त्यांनी बदकपायांबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. ते थांबले, वाकून रबर चाचपून बघितलं, आणि म्हणाले, “खोबरेल लाव. चांगलं मुरू दे.”

त्या पाच शब्दांनी मी इतका हरखलो की डबाच आणला. अण्णांनी माझ्या नादाला काहीतरी दिलं होतं! आईनं घरचं ताजं तेल काढून दिलं. हलीमाचाचीनं तिच्याकडचं वेगळं दिलं, “आमचं घट हाय, चांगलं शिरतं,” म्हणून. मी आतून चोळलं, बाहेरून चोळलं, तेल भरून जोडी उन्हात ठेवली, रबर पीत गेलं आणि मी पाजत गेलो. अष्टमीच्या आदल्या दिवशी पाय घालून पाहिला आणि काय सांगू! लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. मऊ, ऐसपैस, जणू माझ्याच मापानं शिवलेली जोडी. मी इब्राहिमकडे धावत गेलो. त्यानं बोटानं दाबून पाहिलं. “झकास!” तो म्हणाला. “आता कशी पाव झालीय.”

रबराला तेल लागलं की ते फुगतं, सैल पडतं आणि त्यातला जीव जातो, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. खोबरेल वाईट करू शकतं, हा विचार आमच्या मुलखात कुणाच्या डोक्यात येण्यासारखा नाही. देवावर अविश्वास दाखवणारे आमच्याकडे दोनचार सापडतील, पण खोबरेलावर कुणी नाही.

दिघीला आम्ही तिघं गेलो. मी, इब्राहिम आणि अण्णा. अण्णा म्हणाले, दिघीला सुपारीचा एक व्यापारी यायचा आहे, त्याला भेटायचंय. डोक्यावर टोपी, पायात बूट, काखेत छत्री. थंडीत छत्री कशाला, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही. धक्क्यावर पोहोचलो तर व्यापारी कुठंच नव्हता आणि अण्णा त्याला शोधतही नव्हते. आगरदांड्याहून येणारा मचवा लागला होता, त्यातली माणसं टोपल्या खाली ठेवून थांबली. बुडालेल्या पडावाचा खांब पाण्यातून वर डोकावत होता. परेराची होडी त्याच्याजवळ, धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर उभी होती.

परेरानं माझ्या पाठीवर टाकी बांधली, चष्मा चढवला, नळी तोंडात दिली. होडीपासून पडावापर्यंत पाण्यात एक दोर सोडला होता. “हा दोर धरून खाली जा,” तो म्हणाला. “तळाला पडावाच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, लोखंडी कडी आहे. तिला हात लाव, हा बारीक दोर तिच्यात ओवून बांध, आणि दोर धरूनच वर ये. भरती संपून ओहोटी लागायच्या मधे पाणी थांबतं, तेवढा वेळ तुझा. समजलं?”

मी ऐटीत पाय बदकपायांत सरकवले. धक्क्यावर कुणीतरी ‘आरं बग, बग’ म्हणालं. मी मान ताठ केली आणि उडी घेतली.

पाणी वरून हिरवं होतं, मग तांबूस, मग उकळलेल्या चहासारखं. कानांत फक्त माझाच श्वास. दोर हातात घेऊन मी पाय मारला आणि पायाला काहीतरी गुदगुल्या झाल्या. उजवा बदकपाय टाचेवरून निसटला, जसं शिजलेल्या वांग्याचं साल निसटतं. मी पाहिलं तर तो माझ्या चष्म्यासमोरून तरंगत, डुलत, अगदी निवांत वर चालला होता. ती जात तरंगणारी होती. आणि मी काय करावं? एवढा हंगाम घालवून निवडलेली वस्तू! मी दोर सोडला आणि तिच्या मागं लागलो.

एका पायात पातं, दुसरा अनवाणी. मग काय होणार ते इब्राहिमला आधीच ठाऊक होतं. मी गोल फिरायला लागलो. वर कुठं, खाली कुठं कळेना. त्यात डावाही सुटला. पाणीही थांबायचं संपलं असावं, कारण काहीतरी मला हळूच एका बाजूला ढकलत होतं, गर्दीत आपल्याला कुणी ढकलावं तसं. हाताला चिखल लागला, कालवांची धार लागली, तळवा कापला. मी आता घाबरलो, आणि घाबरलेला माणूस करतो ते सगळं केलं, म्हणजे काहीच धड केलं नाही. शेवटी डोकं पाण्याबाहेर निघालं ते धक्क्याच्या पलीकडे, मचवा लागतो त्या चिखलाच्या उतारावर.

आणि समोर अण्णा होते.

नंतर इब्राहिमनं सांगितलं ते असं. धक्क्यावरचे सगळे पाण्याकडे बघत होते. एकाएकी एक काळा बदकपाय वर आला. एकटाच. त्याच्याखाली माणूस नव्हता. लोक म्हणाले, “अरेरे.” परेरानं होडीतून शिवी हासडली आणि तो स्वतःच्या पाठीवर दुसरी टाकी चढवायला लागला. आणि अण्णा, ज्यांनी उभ्या आयुष्यात समुद्राला घोट्यावर येऊ दिलं नव्हतं, ज्यांना पोहता येत नव्हतं, ते उतारावरून चालत पाण्यात शिरले. बुटांसकट, टोपीसकट. चिखलात मांड्यांपर्यंत रुतले. छत्री उलटी धरली आणि तिची मूठ पाण्यात पुढं पुढं करत राहिले, बागेत उंच फांदी आकड्यानं ओढून घ्यावी तशी.

मी वर आलो तेव्हा त्यांच्या छत्रीच्या मुठीला तो बदकपाय अडकलेला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. छत्री अजून पुढं पुढं करतच होते, त्यामुळे बदकपाय मान हलवल्यासारखा हलत होता. त्यांचं धोतर, बूट, सगळं एका रंगाचं झालेलं. मग ते म्हणाले, “तेल जास्त झालं.”

मी हसलो, आणि हसता हसता मला खाडीचं पाणी उलटलं.

परेरा मात्र हसला नाही. त्यानं मला होडीत घेतलं, तळव्याला फडकं बांधलं, आणि एरवी समुद्रापलीकडे ऐकू जाणारा आवाज खाली आणला. “दोर का सोडलास?”

“फिन सुटला.”

“सुटू दे. फिन बाजारात मिळतो. दोर सोडून काय आणायला गेला होतास?”

कुठली जोडी, कुठलं पातं, कुठली टाच, सगळा हंगाम मी पायांचा विचार केला होता. हातांचा विचार करायला कुणी सांगितलंच नव्हतं. वाटलं, झालं, अलिबाग. खुर्ची, शाई, नाझरसाहेबांची टोपी.

“उद्या ये,” परेरा म्हणाला. “उद्या पाणी आणखी थोडं उशिरा थांबेल. पायांत काही घालू नकोस. उद्या दोर सोडलास तर परवा तोंड दाखवू नकोस.”

त्या दिवशी दिघीतच राहिलो. मला वाटलं होतं, अण्णा आता हात धरून घरी नेतील. त्यांनी धोतर वाळत घातलं, बूट पालथे केले, आणि उद्या पाणी किती वाजता थांबणार, हे दोनदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी अण्णाही होडीत चढले. कुणी बोलावलं नव्हतं. परेरानं माझ्या कमरेला एक वेगळा दोर बांधला आणि त्याचं दुसरं टोक अण्णांच्या हातात दिलं. “तुम्हीच धरा,” तो म्हणाला. “दुसऱ्याच्या हातात दिला तर तुम्ही परत पाण्यात शिराल.” मग त्यानं खुणा ठरवून दिल्या. वरून एक हिसका म्हणजे ‘ठीक आहेस ना?’ मी खालून एक दिला की ‘ठीक आहे’. मी दोन दिले की ‘वर घ्या’. अण्णांनी दोर मनगटाभोवती न गुंडाळता तळहातावर आडवा धरला. पोफळीवरच्या गड्यानं वरून घोस सोडला की खाली दोर धरणारा धरतो तसा. असे घोस त्यांनी जन्मभर अलगद उतरवून घेतले होते.

मी अनवाणी उतरलो. अनवाणी पायांना पाणी किती वेगळं लागतं! वर कोमट, मग एका रेषेपासून एकदम गार, जणू कुणी दार उघडलं. हातात खाली जाणारा दोर, कमरेला वर जाणारा दोर. पहिला हिसका आला तेव्हा मी जेमतेम बुडालो होतो. मी उत्तर दिलं. दुसरा लगेच आला. उत्तर दिलं. तिसरा. मला कळेना, काम करू की उत्तरं देऊ. तळाशी पोहोचलो तेव्हा दिसायचं बंद झालं होतं. तळपायांना गाळ लागला, लोण्यासारखा, आणि मग पडावाचं लाकूड, शेवाळलेलं. हातानं चाचपत नाळेपर्यंत गेलो. कडी सापडली. मधेच हिसका. उत्तर. दोर ओवला, गाठ मारली, ओढून पाहिली, पुन्हा मारली. हिसका. उत्तर.

काम झालं होतं. दोन हिसके द्यायचे आणि वर जायचं. पण मी लगेच दिले नाहीत. पडावाच्या कडेवर बसलो. सगळीकडे तपकिरी काळोख, कानांत बुडबुडे, आणि दोरातून मधूनमधून येणारा तो प्रश्न. मी एकेक उत्तर देत राहिलो. आणि मला जाणवलं की माझे पाय हलत नाहीयेत. खाली लोंबत होते, गाळाला टेकलेले, गप्प. मी त्यांच्याकडे बघायचा प्रयत्न केला, पण दिसत नव्हते.

वर काय झालं ते मला इब्राहिमकडून कळलं. परेरानं पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “काम झालेलं दिसतंय. बारीक दोर ताठ झालाय. पाणी फिरायला अजून अवकाश आहे, पण ओढायचा का याला?”

अण्णांनी मान हलवली. “ओढू नका. उत्तर देतोय तो. राहू दे जरा. जन्माला आल्यापासून पहिल्यांदा एका जागी बसलाय.”

परेरा मोठ्यानं हसला. म्हणाला, “मग नेऊ का मुंबईला? ठेवून घेतो.”

अण्णांनी दोराला एक हिसका दिला. माझं उत्तर आलं. मग म्हणाले, “न्या. पण हा खाली गेला की वर दोर कोण धरणार, ते मला आधी दाखवा.”